दार उघडेना, दोष कुणाचा?



गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन एका मोठ्या शहरात गेलो होतो. धाकट्या बहिणीला बाळ झाले, ते पाहायला. लातूरच्या बाहेर आई फारशी पडलेली नाही. भाच्याने हौसेने आम्हाला मेट्रोने नेले. मेट्रोत कागदी तिकीट मिळाले. त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. तो गेटच्या काचेवर धरला की फळ्या बाजूला सरकतात आणि माणूस आत जातो. उतरल्यावर तेच तिकीट पुन्हा दाखवावे लागते, तेव्हा बाहेरचे गेट उघडते. आईने आत जाताना तिकीट दाखवले आणि चार घड्या करून कनवटीला खोचले. एसटीचे तिकीट ती तसेच जपते.

उतरल्यावर पाहतो तर पाचपैकी दोन गेटे बंद, पुढे दोरी बांधलेली. उरलेल्या तीन गेटांपुढे गर्दी. आईच्या तिकिटाला घाम लागला होता, घडीवरचे ठिपके पुसट झाले होते. लाल दिवा लागला. पुन्हा धरले, पुन्हा लाल. मागची माणसे ओरडू लागली. तिथला पहारेकरी म्हणाला, "आजी, तिकीट काढलंय का?" आई ताठ उभी राहिली. म्हणाली, "म्या जन्मात फुकट बसले न्हाई, लेकरा." भाच्याने खिडकीवर जाऊन सांगितले, तेव्हा कुठे सुटका झाली. घरी पोचेपर्यंत आई बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "दार उघडंना, तर मला चोर का म्हणावं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एसटीत कंडक्टर असतो. तिकीट भिजले तर त्याला चेहरा आठवतो, दोन शब्द बोलता येतात. यंत्राला चेहरा आठवत नाही. त्याला जात कळत नाही हे चांगलेच आहे. पण म्हातारपण, कडेवरचे लेकरू, हातातले बोचके हेही त्याला कळत नाही. म्हणून यंत्राशेजारी समजूतदार माणूस उभा पाहिजे. आणि यंत्र अडले, तर पहिला संशय यंत्रावर घेतला पाहिजे, माणसावर नाही.

मी कारकून माणूस. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. यंत्र ज्या दिवशी बसवले त्या दिवसापासून ते झिजू लागते. म्हणून दरसाल हिशेबात त्याची झीज धरायची आणि दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद करायची. उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात, घसाऱ्याच्या रकान्याकडे मात्र कुणी पाहत नाही.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तिथे १९५३ पासून ५० वर्षे धातूचे टोकन टाकून फिरते गेट ढकलावे लागे. १९९३ साली चुंबकीय पट्टीचे कार्ड आले. ते जरा हळू किंवा जरा जोरात ओढले तरी यंत्र म्हणे, पुन्हा ओढा. लाखो कामकरी माणसांनी सकाळच्या घाईत हे सोसले. त्या कार्डाची विक्री २०२५ च्या अखेरीस बंद झाली. आपल्या देशातली पहिली मेट्रो कोलकात्याची, १९८४ ची. तिथेही चुंबकीय पट्टीची तिकिटे होती, २०११ साली ती जाऊन टोकन आले. मुंबईची मेट्रो २०१४ ची, नागपूरची २०१९ ची, पुण्याची २०२२ ची. आपली गेटे अजून तरुण आहेत. पण रोज हजारो माणसे ज्या फळीतून जातात, ती म्हातारी व्हायला वेळ लागत नाही.

यात अपमानापेक्षाही मोठी गोष्ट आहे, ती जिवाची. माणसे एकेक करून आत येतात, पण गाडी रिकामी झाली की बाहेर एकदम पडतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. तिथे यंत्राचे गेट नव्हते. अरुंद जिना होता, वरून पाऊस होता आणि मागून गाड्यांतून उतरणारी गर्दी होती. त्या पुलाबद्दल आधीपासून तक्रारी होत्या, नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती, पण काम झाले नव्हते. माणसे गेल्यावर लष्कराला बोलावले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला. जे काम काही महिन्यांत होऊ शकले, त्यासाठी २३ घरांतले दिवे का विझावे लागले?

ते स्टेशन आता प्रभादेवी म्हणून ओळखले जाते. ते दादरच्या अगदी शेजारी आहे. ६ डिसेंबरला लातूर-नांदेडहून आपली माणसे चैत्यभूमीला जातात, ती दादरलाच उतरतात. म्हणून हा प्रश्न मुंबईकरांचा, असे म्हणून चालणार नाही.

आपण काय करावे? तिकिटाची घडी घालू नये, पाण्यापासून, घामापासून जपावे आणि बाहेर पडेपर्यंत टाकू नये. लेकरू आणि सामान असेल तर रुंद गेटाने जावे. लेकराला आपल्या पुढे ठेवावे, मागे नाही, कारण फळ्या लगेच मिटतात. गेट उघडले नाही तर ढकलू नये, वरून उडी मारू नये. बाजूला होऊन खिडकीवर सांगावे. दादरच्या जिन्यावर कुणासाठी थांबू नये, भेटायची जागा आधीच ठरवावी.

आणि प्रशासनाकडे मागणी करावी. बंद गेट किती दिवस बंद आहे, हे त्यावरच लिहिलेले असावे. आग लागली, धूर झाला तर मेट्रोची सगळी गेटे एकदम उघडी करण्याची सोय असते. ती सोय चालते की नाही, हे ठरावीक मुदतीने सर्वांसमोर तपासावे.

मी त्या स्टेशनच्या नावाने साधे पत्र लिहिले. तारीख, वेळ, बंद गेटांची संख्या. खाली आईने सही केली. वयाच्या साठाव्या वर्षी ती प्रौढ साक्षरता वर्गात सही शिकली आहे. उत्तर अजून आलेले नाही. दुसरे पत्र तयार आहे. परवा आईने स्वतःच विचारले, "सही कुठं करायची?"