उसना आलेला ठेवा

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाणारे आपले उपासक-उपासिका तथागतांच्या अस्थिधातूंपुढे हात जोडतात आणि परततात. वंदन अवश्य करावे. पण हा ठेवा तिथे कसा आला, तो कसा सांभाळला जातो, हेही मुलाबाळांना सांगता आले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आज उत्तर प्रदेशच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात असलेल्या पिप्रहवा येथील स्तूप १८९८ साली तेथील इस्टेटीचा व्यवस्थापक विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने खणला. सापडलेल्या अस्थी सयामच्या राजाला दिल्या गेल्या. बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. काही हिस्सा मात्र पेपेच्या घरी राहिला. पुढे १९७१ ते १९७७ या काळात के. एम. श्रीवास्तव यांच्या उत्खननात त्याच ठिकाणी २२ अस्थिधातू मिळाले. ते राष्ट्रीय संग्रहालयाकडे आले.

हे धातू 'एए' वर्गात मोडतात. ते अत्यंत नाजूक असल्याने परदेशी प्रदर्शनाला देऊ नयेत, असा संकेत आहे. २०२२ साली मंगोलियाच्या विनंतीवरून अपवाद केला गेला, तेव्हा २२ पैकी ४ धातूच नेले. त्यासाठी वायुदलाचे विमान होते, बुलेटप्रूफ पेट्या होत्या आणि प्रदर्शनाची मुदत ११ दिवसांची होती. राष्ट्राचा ठेवा उसना देताना काय न्यायचे, कशातून न्यायचे, कधी परत आणायचे हे असे आधीच ठरवावे लागते.

पेपेच्या वारसांकडील रत्नांना हे संरक्षण नव्हते. मे २०२५ मध्ये सोदबीज कंपनीने हाँगकाँगला त्यांचा लिलाव पुकारला. भारत सरकारने नोटीस बजावली, देशोदेशीच्या बौद्धांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला. ३० जुलै २०२५ रोजी रत्ने मायदेशी आल्याचे जाहीर झाले. आपल्या सर्वांना आनंद झाला.

पण बंधू-भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही रत्ने मुंबईच्या गोदरेज समूहाने विकत घेतली आहेत. त्यांतला मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयाला पाच वर्षांसाठी उसना दिला जाईल, असे तेव्हा सांगण्यात आले. मग पाच वर्षांनंतर काय? हा प्रश्न मुदत संपल्यावर विचारून उपयोग नाही. विहार समित्यांनी, महिला मंडळांनी ही रत्ने कायमची जनतेच्या दर्शनाला राहावीत, अशी निवेदने सांस्कृतिक मंत्रालयाकडे आतापासूनच पाठवावीत. स्तूपात ठेवलेले दान पुन्हा कधीही बाजारात येता कामा नये.