ट्रॅक डेला जाणाऱ्या हौशी चालकांना आवाहन: गाडीत अर्धवट बदल नकोत

कंपनीतून आलेल्या गाडीतली सीट, तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणि एअरबॅग ही एकमेकांच्या भरवशावर काम करणारी मंडळी आहेत. धडक बसली की बेल्ट छातीला थोडी पुढे येऊ देतो आणि तेवढ्यात फुगलेली एअरबॅग तिला झेलते. यांपैकी एक वस्तू बदलली तरी बाकीच्यांचा हिशेब चुकतो. पुण्या-मुंबईहून इरुंगाट्टुकोट्टई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला जाणाऱ्या चालकांना म्हणूनच आवाहन आहे की, गाडी एक तर मूळ रूपात ठेवावी, नाहीतर सीट, हार्नेस, रोल केज आणि मानेचे संरक्षण हा सगळा संच बसवावा. धोका खरा मधल्या अवस्थेत असतो.

ही मधली अवस्था बहुधा चार बिंदूंच्या हार्नेसपासून सुरू होते. तो रुबाबदार दिसतो आणि चालक सीटला घट्ट बसतो, म्हणून सुरक्षितही वाटतो. पण त्याचे खांद्यावरचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला मधोमध येऊन मिळतात. समोरून धडक बसली की ते कमरेचा पट्टा वर ओढतात. तो ओटीपोटाच्या हाडावरून निसटून मऊ पोटावर चढतो आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरते. रेसिंगवाले याला सबमरीनिंग म्हणतात. पोटातल्या अवयवांना आणि कण्याला त्यातून गंभीर इजा होते. पायांमधून येणारा पाचवा किंवा सहावा पट्टा ही घसरण थांबवण्यासाठीच असतो, आणि तो ओवायला सीटच्या बैठकीत खाच लागते. कंपनीच्या सीटला ती नसते, म्हणजे हार्नेस घेतला की बकेट सीट आलीच. हे दोन्ही आले की माणूस ताठ बांधला जातो. गाडी उलटून छत दबले, तर साध्या बेल्टमधला माणूस निदान बाजूला झुकतो. हार्नेसमधल्याला ती सोय नाही. त्यामुळे छताला आधार देणारा केज हवा, किमान मजबूत रोल बार तरी.

खांद्याचे पट्टे कशाला बांधायचे, हा प्रश्नही त्या बारमुळे सुटतो. मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला ते अडकवण्याची पद्धत सर्रास दिसते. तसे केले की पट्टे तीव्र उताराने खाली जातात आणि धडकेत कण्यावर दाबाचा भार येतो. शिवाय पट्टा जितका लांब तितका तो जास्त ताणतो. एफआयए या मोटारस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हा उतार आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही आणि १० अंशांच्या आत असावा अशी शिफारस आहे.

धड असे जखडल्यावर डोके तेवढे मोकळे राहते आणि धडकेचा सगळा झटका मानेवर येतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड यांनी १९८०च्या दशकात आपले मेहुणे, रेसचालक जिम डाउनिंग यांच्यासाठी हान्स हे डोके आणि मान सांभाळणारे साधन तयार केले. बरीच वर्षे चालकांनी ते अवघड म्हणून नाकारले. फेब्रुवारी २००१मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नॅसकारचे चालक डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाचे हाड मोडून मरण पावले, त्याच वर्षी नॅसकारने डोके-मान संरक्षण सक्तीचे केले आणि २००३मध्ये फॉर्म्युला वननेही. हान्स खांद्यांच्या दोन पट्ट्यांखाली दाबून बसते, त्यामुळे तीन बिंदूंच्या बेल्टबरोबर त्याचा उपयोग नाही.

सीट निवडताना रंग आणि नाव शेवटी पाहावे. आधी त्यात हेल्मेट घालून, हातात स्टिअरिंग असल्यासारखे बसून बघावे. कंबर आणि फासळ्या दोन्ही बाजूंनी धरल्या गेल्या पाहिजेत आणि पट्ट्यांच्या खाचा खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित वर याव्यात. मित्राला चपखल बसलेली सीट दुसऱ्याला बसेलच असे नाही. एफआयए ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षे, ८८६२-२००९ची १० वर्षे. बसवताना किमान ४ ठिकाणी ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि ३ मिलिमीटर जाड पोलादी आधार लागतात. उत्तम सीट पातळ पत्र्याच्या कंसावर बसवली, तर ती धडकेत मुळापासून उखडते. इथे पैसे वाचवणाऱ्यांची संख्या कमी नाही. जुन्या बाजारातला हार्नेस तर घेऊच नये. एकदा धडक सोसलेला पट्टा ताणलेला असतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

रोज कचेरीत जाणाऱ्या गाडीत मात्र यांतले काहीच बसवू नये. हेल्मेटशिवाय डोके केजच्या नळीवर आदळते, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालते. अशी गाडी घेऊन ट्रॅकवर जाणाऱ्या चालकाने पहिला खर्च हेल्मेटवर करावा. दुचाकीचे आयएसआय हेल्मेट गाडीसाठी बनलेले नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या एसए मानकात आगीची आणि रोल बारवर आदळण्याची वेगळी चाचणी असते, ती दुचाकीच्या एम मानकात नाही. एसए२०२० किंवा त्यानंतरचे हेल्मेट घ्यावे. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती असावेत, कारण पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. अग्निरोधक सूटही अवधी विकत घेतो, इतकेच. एसएफआय या मानक संस्थेच्या ३.२ए/५ दर्जाच्या सूटमध्ये दुसऱ्या दर्जाची भाजणी होईपर्यंत सुमारे १० सेकंद मिळतात, ३.२ए/१मध्ये ३.

आयोजक क्लबांनी सकाळच्या तपासणीत टायरबरोबर हार्नेस, सीट आणि हेल्मेटवरची लेबलेही वाचावीत, आणि मुदत संपलेले साहित्य असलेली किंवा अर्धवट बदललेली गाडी ट्रॅकवर सोडू नये. शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकासाठी चालकाच्याच तोडीची सीट आणि पट्टे नसतील, तर ती जागा रिकामी ठेवावी.