धानाच्या बांधीतली औषधे

पहिल्या पावसात धानाच्या बांधीतून दरवळणारा वास मुख्यतः जिओस्मिन या रसायनाचा असतो. ते तयार करणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस हे मातीतले जिवाणू प्रमुख आहेत. क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत याच कुळातून मिळाले.

शोधाची मूळ पद्धत साधी आहे. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात कालवतात, ते पाणी टप्प्याटप्प्याने दहा-दहा पट पातळ करतात आणि त्याचे थेंब अगारच्या थाळीवर पसरतात. काही दिवसांनी जिवाणूंच्या कोरड्या, भुकटीदार वसाहती उगवतात. त्यांतली एकेक वसाहत रोगजंतू पसरलेल्या थाळीवर ठेवतात. जिच्याभोवती रोगजंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ कडे उमटते, ती पुढच्या तपासणीला जाते. रसायन वेगळे करणे, त्याची रचना उलगडणे आणि ते माणसाला अपायकारक नाही याची खात्री करणे, यात मात्र वर्षे जातात.

महाराष्ट्राने हे काम करून दाखवले आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे पेनिसिलीन बनत होतेच, शिवाय संशोधनही चालत होते. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले. ते देणाऱ्या जिवाणूला पिंपरीवरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ हे नाव मिळाले. त्याच प्रयोगशाळेचे ऑरिओफंजिन पिकांवरच्या बुरशीसाठी वापरात आले. धानावरचा करपा हाही बुरशीचाच रोग.

पुढे जगभर तीच ती रसायने पुन्हा हाती लागू लागली आणि शोध मंदावला. मातीतले बहुतेक जिवाणू थाळीवर वाढतच नाहीत, ही मोठी अडचण होती. ती ओलांडण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी जिवाणू मातीतच ठेवून वाढवले. त्यातून मिळालेले टेक्सोबॅक्टिन २०१५ मध्ये जाहीर झाले. कॅनडात एका परसातली माती सुमारे वर्षभर थाळीवर राखली गेली आणि मंद वाढणाऱ्या जिवाणूकडून लॅरिओसिडिन मिळाले. ते २०२५ मध्ये जाहीर झाले.

जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढत आहेत. नवे प्रतिजैविक जपून वापरावे लागते, त्यामुळे खप कमी आणि नफाही कमी. म्हणून मोठ्या कंपन्या या क्षेत्रातून मागे सरल्या. नव्या शोधाची जबाबदारी आता सरकारनेच उचलली पाहिजे. कोकणातली जांभी, मराठवाड्यातली काळी आणि कोंढ्यासारख्या धान पिकवणाऱ्या गावांतली, पावसाळाभर पाण्याखाली राहणारी धानाची माती यांचे नमुने नोंदींसह जमवावेत. पहिली चाळणी जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांना करता येईल. पुढची सगळी वाटचाल मात्र सरकारी पैशावर उभ्या असलेल्या, पिंपरीच्या त्या काळच्या प्रयोगशाळेसारख्या सक्षम संस्थेकडेच हवी.