तक्त्यात न मावणारा सामना



‘युरोलीग या युरोपीय बास्केटबॉल स्पर्धेचा विजेता सरासरीच्या तक्त्यावरून आधीच सांगता येतो,’ असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. साखळी फेरीपुरते मान्य; तीसहून अधिक सामन्यांत नशिबाचे उणे-अधिक फिटून जाते. पण ‘फायनल फोर’मध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या उपांत्य व अंतिम लढतींत, एकच सामना आणि निकाल. त्यातही खेळ ४० मिनिटांचा, एनबीएपेक्षा ८ मिनिटे कमी. बलाढ्य संघ अडखळला तर सावरायला सवड कुठे?

२०१२ची इस्तंबूलमधली अंतिम लढत पाहा. तिसऱ्या सत्रात सीएसकेए मॉस्को ५३-३४ असा पुढे. (तेव्हा मीही टीव्ही बंद करणार होतो.) पुढे ऑलिंपियाकोसने एकेक गुण ओरबाडत आणला. शेवटच्या दहा सेकंदांत सीएसकेएची ६१-६० अशी आघाडी असताना त्यांच्या सिस्काउस्कास या मुरलेल्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. ऑलिंपियाकोसच्या स्पानूलिसने बचावपटूंना आपल्याकडे खेचून चेंडू सहकारी प्रिंतेझिसकडे सरकवला, त्याने तो अलगद बास्केटमध्ये टाकला. ६२-६१!

सिस्काउस्कासची फ्री थ्रोची सरासरी पत्रलेखकांनी जरूर काढावी. आणि १९ गुणांची पिछाडी असताना त्यांच्या तक्त्याने कोणाला कौल दिला असता, तेही कळवावे.

— एक वाचक, नागपूर