गाडी लांब आहे की धुकं दाट?

रात्री घाटात समोरच्या गाडीचे हेडलाइट मंद दिसले की आपण म्हणतो, लांब आहे अजून. पण धुकं असेल तर? गाडी पुढच्याच वळणावर असते.

१९९८मध्ये संशोधकांच्या दोन गटांना ‘टाइप वन-ए’ सुपरनोव्हा, म्हणजे जवळपास ठरावीक तेजाने फुटणारे तारे, अपेक्षेपेक्षा मंद दिसले. म्हणजे ते जास्त लांब आहेत, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय! २०११मध्ये पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना यासाठी नोबेल मिळालं. पण वाटेत धुकं असलं तर? साधी धूळ प्रकाश लालसर करते, त्यामुळे ती पकडता येते. सगळे रंग सारखेच मंद करणारी ‘राखाडी धूळ’ असली तर, असं अँथनी अ‍ॅग्विरे यांनी १९९९मध्येच विचारलं होतं.

आता नोबेल मिळालेल्या गोष्टीत काय खुसपट काढायचं, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. खरी मजा इथेच आहे. धुक्यात हेडलाइट मंद होतात, पण दोन दिव्यांमधलं अंतर काही कमी दिसत नाही. विश्वातही असं एक ‘अंतर’ आहे. दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांची एक खूण सापडते. ती आकाशात केवढी दिसते यावरून अंतर काढायचं आणि तेजावरून काढलेल्या अंतराशी ताळा बघायचा. प्रकाश वाटेत हरवत नसेल तर या दोन अंतरांचं नातं पक्कं असतं, हे एदरिंग्टनने १९३३मध्येच दाखवलं होतं. आतापर्यंत हा ताळा चांगला जुळलाय. सगळा मंदपणा धुक्यावर ढकलता येत नाही.

आणि आपण? प्रॅक्टिकलला लंबकाचं ‘जी’ ९.८ यायलाच हवं म्हणून रीडिंग उलटं बसवतो. ‘हवेचा रोध नगण्य’ हे जर्नलमध्ये सगळेच लिहितात, तो खरंच नगण्य आहे का हे कुणी मोजलंय? मीही नाही.

गुरुत्वीय लहरींना तर धूळ अडवतच नाही. दोन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या लहरीवरून थेट अंतर निघतं. २०१७मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीवरून ते जमलं. अशा लहरी टिपणारी लायगो-इंडिया आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ उभी राहतेय. फिजिक्सवाल्यांनो, तिथे माणसं लागणार आहेत.