चौकट वाचली, वही गेली

मैत्रिणींनो, पावसाळा सरला की आपली आवराआवर सुरू होते. गाद्यांना ऊन दाखवायचं, कपाटं झाडायची. अशाच एका आवराआवरीत न्हाणीघराच्या दाराची चौकट सहज दाबून पाहिली, तर बोट आत! वरून रंग शाबूत, आत नुसती माती. सुतारकाका म्हणाले, "वहिनी, आता लाकूड नको. डब्ल्यूपीसीची बसवू. वाळवी तोंड लावायची नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन वर्षं झाली, चौकट जशीच्या तशी आहे. पण तिच्यामागच्या भिंतीतून वाळवी शेजारच्या कपाटात शिरली आणि सासूबाईंच्या हातची पाककृतींची वही फस्त करून गेली. उरलं ते वरचं रेक्झिनचं कव्हर. म्हणून आज या नव्या 'लाकडा'विषयी थोडं सविस्तर सांगते.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाची भुकटी आणि प्लास्टिक एकत्र वितळवून केलेली फळी. आपल्याकडे चौकटींसाठी मिळणाऱ्या मालात बहुधा पीव्हीसी असतं. चिक्कीत दाणे जसे पाकात बांधले जातात, तशी ही भुकटी प्लास्टिकमध्ये बांधलेली असते. वाळवीला हवा असतो तो लाकडातला सेल्युलोज. तो असा बंदिस्त असला की ती नाद सोडते. पण चिक्की मोडली की कडेला दाणे उघडे पडतात ना? तसंच फळी कापली, भोक पाडलं की तिथे भुकटी उघडी पडते. ओल शिरते ती तिथूनच. भुकटीचं प्रमाण जितकं जास्त, तितकी ही भीती जास्त.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात अशाच फळ्यांची पायवाट होती. सतत दमट हवा. त्या फळ्यांवर लाकूड कुजवणारी बुरशी वाढल्याचं 1998 साली संशोधकांनी नोंदवलं. तेव्हा 'कधीच काही होत नाही' असं दुकानदार म्हणाला, तर हसून सोडून द्यावं.

उन्हाचं तर निराळंच. गच्चीत किंवा अंगणात लावलेल्या फळीचा रंग उन्हाने फिका पडतो, वरचा थर खडूसारखा हाताला लागतो. उन्हात ती फुगते, थंडीत आकसते. म्हणून दोन फळ्यांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर त्या वर उचलल्या जातात. आणि हो, पुस्तकांची किंवा पितळी भांड्यांची लांब मांडणी हिची करू नका. कायमच्या ओझ्याने फळीला हळूहळू बाक येतो. करायचीच तर खाली आधार जवळजवळ द्या.

मग घ्यावी की नाही? न्हाणीघर, मोरी, ओट्याखालची कपाटं, जिथे पाण्याचा रोजचा संबंध, तिथे जरूर घ्या. फक्त एवढं सांभाळा:

घेताना आत काय आहे, भुकटी किती आणि प्लास्टिक कोणतं, ते विचारा. उन्हापावसात लावायची असेल तर बाहेरच्या वापरासाठी केलेलाच माल मागा.

कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं सुतारासमोर उभं राहून बंद करून घ्या. बिजागऱ्यांचं दार जड असेल तर आधीच सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवी चौकट बसवण्याआधी भिंतीतल्या आणि जमिनीतल्या वाळवीचा बंदोबस्त जाणकार माणसाकडून करून घ्या. आम्ही चुकलो ते इथेच. चौकट स्वतःला वाचवते, घराला नाही. वाळवी तिच्यावरून, तिच्यामागून मातीची नळी बांधत पुढच्या लाकडाकडे, कागदाकडे जाते. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन कपाटामागे पाहा. नळी दिसली तर थोडी मोडून ठेवा. चार दिवसांनी ती पुन्हा बांधलेली दिसली, तर वाळवी आत जागी आहे असं समजा.

मी आता नणंदेला विचारून विचारून नवी वही लिहिते आहे. पुरणाचं प्रमाण जमलं, पण सासूबाईंच्या गोडा मसाल्याचं काही केल्या जमत नाही. नवी वही मात्र पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून हातभर लांब ठेवली आहे.