नदीत सोडलेल्या बोटुकलीचा वंश वाढतो का?

नदीकाठच्या अनेक मच्छीमार बंधू-भगिनींनी गेल्या काही वर्षांत हा कार्यक्रम पाहिला असेल. घाटावर मंडप असतो, ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटभर पिल्ले असतात आणि मान्यवरांच्या हस्ते ती पाण्यात सोडली जातात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील हा ‘रिव्हर रँचिंग’चा भाग आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात गढमुक्तेश्वरजवळच्या ब्रिजघाटावर त्याची देशपातळीवर सुरुवात झाली. या शब्दाला मराठीत अजून रुळलेला पर्याय नाही, म्हणून या पानावर आपण ‘नदीत बीज सोडणे’ असे साधेच म्हणू.

किती लाख बोटुकली सोडली, हा आकडा बातमीत येतो. पण ही पिल्ले मोठी झाल्यावर नदीत स्वतः अंडी घालतील का, आणि त्यांची पिल्ले जगतील का, हा प्रश्न मच्छीमाराच्या जास्त कामाचा आहे. तसे झाले तर एकदा सोडलेले बीज पुढची अनेक वर्षे जाळ्यात येईल. न झाले तर दरवर्षी पिशव्यांची वाट पाहावी लागेल.

हूड नदीवर काय दिसले

याचे नेमके उत्तर मिळणे अवघड असते. जाळ्यात आलेल्या माशाचे आईबाप हॅचरीतले होते की नदीतले, हे नुसते पाहून कळत नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील हूड नदीवर मात्र एक सोय होती. स्टीलहेड नावाचा मासा तिथे समुद्रातून परत येऊन नदीत अंडी घालतो. (हिमाचल आणि काश्मीरमध्ये पाळतात त्या रेनबो ट्राउटचीच ही समुद्रात जाऊन येणारी जात.) नदीवर पॉवरडेल नावाचे धरण होते, आणि वर जाणारा प्रत्येक मासा तिथल्या सापळ्यातून जायचा. १९९१ पासून तिथे माशांचे खवले काढून ठेवले गेले. पुढे त्यांतून डीएनए काढून प्रत्येक पिल्लाचे आईबाप शोधता आले. जणू माशांचा कुटुंब नोंदणी दाखलाच!

या नोंदींवरून हितोशी अराकी, मायकेल ब्लौइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष मांडला, की हॅचरीत वाढवलेल्या प्रत्येक पिढीगणिक माशाची नदीत वंश वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे १०० वरून ६०, आणि पुढच्या पिढीला ३६. दोन वर्षांनी त्याच नदीवर आणखी चिंताजनक गोष्ट दिसली. स्वतः नदीतच जन्मलेला, पण दोन्ही आईबाप हॅचरीचे असलेला मासा अस्सल नदीच्या माशाच्या तुलनेत फक्त ३७ टक्के वंश वाढवू शकत होता. आईबापांपैकी एकच हॅचरीचा असेल तर हे प्रमाण ८७ टक्के होते. दोष फक्त टाकीत वाढल्यामुळे आला असता, तर नदीत जन्मलेल्या पिल्लांत तो उतरला नसता. तो वारशाने जात होता.

असे का होते? हॅचरीत खाद्य वरून पडते, शत्रू नसतो आणि गर्दी असते. अशा जागी जो मासा न घाबरता पुढे येऊन खातो, तो जगतो आणि फोफावतो. नदीत पुढे येणारा मासा आधी पाणकावळ्याच्या तोंडी जातो. मार्क ख्रिस्ती आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की हॅचरीत ज्या कुटुंबांनी सर्वांत चांगली कामगिरी केली, त्यांचीच पिल्ले नदीत सर्वांत मागे पडली. हा बदल एकाच पिढीत झाला होता.

सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. आयडाहो राज्यातल्या जॉन्सन क्रीकवर चिनूक सामनची पैदास करताना प्रजनक मासे दरवेळी फक्त नदीतूनच घेतले. २०१२ च्या अभ्यासात तिथे मासे वाढले आणि वंश वाढवण्याची क्षमता घटल्याचेही आढळले नाही. म्हणजे अंडी कुठल्या माशाची आहेत, यावर बरेच काही अवलंबून आहे.

आपल्या नद्यांना हे कितपत लागू?

स्टीलहेडचे आकडे रोहूला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. स्टीलहेडची पिल्ले सुमारे वर्षभर टाकीत असतात. आपली बोटुकली त्यापेक्षा लवकर पाण्यात जाते. पण दुसरी एक बाजू आपल्याकडे जास्त कच्ची आहे, ती म्हणजे प्रजनक.

रोहू, कटला तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी ओडिशात पिट्युटरीच्या इंजेक्शनने त्यांना अंडी घालायला लावले. म्हणूनच १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. त्यानंतर नदीतून मत्स्यजिरे गोळा करण्याची गरज कमी झाली. त्याचबरोबर तळ्यातलेच मासे पिढ्यान्‌पिढ्या प्रजनक म्हणून वापरण्याची सवयही लागली. कर्नाटकातील हॅचऱ्यांवर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळच्या नात्यात पैदास होण्याचा दर २ ते १७ टक्के निघाला. एकाच हौदात कटला-रोहूची भेसळ होते ती वेगळीच. तलावात किंवा शेततळ्यात असे बीज चालून जाते, कारण तिथे आपल्याला मासा वाढवून विकायचा असतो. नदीत मात्र तेच बीज अस्सल माशांत मिसळते.

कावेरीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात निळ्या पराच्या महाशीरची पैदास अनेक वर्षे झाली आणि ही पिल्ले देशातल्या बऱ्याच नद्यांना मिळाली. हेतू संवर्धनाचाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा कुबड्या महाशीर होता, तो फक्त त्याच खोऱ्यात सापडतो. गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्यांच्या १९९८ पासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचे मासे वाढत गेलेले आणि कुबड्याची लहान पिल्ले दिसेनाशी झालेली आढळली. वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी आणि धरणे ही कारणेही तिथे आहेतच. कुबड्या महाशीर २०१८ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

गंगेवरचा एक प्रयोग याउलट वाटेचा आहे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर हिलसा वर जाऊ शकेनासा झाला. तिथे केंद्रीय संशोधन संस्थेने नदीतलेच हिलसा पकडून बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला सोडले. बंधाऱ्याने अडवलेली वाट नदीतल्याच माशांना करून दिली.

आपल्या संस्थेने काय विचारावे

तुमच्या घाटावर बीज सोडण्याचा कार्यक्रम असेल, तर मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. प्रजनक मासे याच नदीतून घेतले होते का, आणि बीज कोणत्या केंद्रातून आले. उत्तर लेखी मागायला हरकत नाही, माहितीच्या अधिकारातही मागता येते. ‘देशी जात आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. कावेरीत गेलेला महाशीरही देशीच होता.

नदीतले अस्सल मासे पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणून त्या काळात मासेमारी बंद असते. बोटुकली सोडण्याइतकेच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्व या बंदीला आहे, आणि तिचा भार मच्छीमाराच्या चुलीवर पडतो. त्यासाठी याच योजनेत बंदीकाळाचे साहाय्य आहे. लाभार्थ्याने १,५०० रुपये भरायचे, शासन ३,००० रुपये घालते आणि एकूण ४,५०० रुपये बंदीच्या तीन महिन्यांत समान हप्त्यांनी मिळतात. वय १८ ते ६० असावे लागते आणि कुटुंब सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास, पारंपरिक मच्छीमार असावे लागते. आपला वाटा बंदी सुरू होण्याआधीच भरायचा असतो, म्हणून संस्थेच्या सचिवांकडे यादीतले आपले नाव मे महिन्यातच पाहून घ्या.